ऑब्सोलीट म्हणे!

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाखेचं छत गळू लागलं. गळायचं तेही मोठ्या खुबीनं. कॅश काउंटरवर नाही, कर्जाच्या टेबलावर नाही. बरोबर दोहोंच्या मधोमध, जिथे पेन्शनर मंडळी रांगेत उभी राहतात तिथे. वरच्या ऑफिसला कळवणं भाग होतं, आणि शाखेतली इंग्रजी पत्रं लिहिण्याचं काम, कोणीही सोपवलेलं नसताना, गेली वीस वर्षं माझ्याकडे आहे. माझी पात्रता म्हणाल तर बी. कॉम., सेकंड क्लास, इंग्रजीत पंचेचाळीस मार्क. पण वासरात लंगडी गाय शहाणी, या न्यायानं मी शाखेचा मिल्टन आहे.

तर मी लिहिलं की, पाणी कॅश काउंटर आणि कर्जाचं टेबल यांच्या 'बिट्विक्स्ट' पडतं. आता 'बिट्वीन' हा शब्द मला येत नाही असं नाही. पण 'बिट्वीन' लिहिलं असतं तर पाणी नुसतंच पडलं असतं. 'बिट्विक्स्ट' म्हटलं की कसं, दोन बाजूंनी कोंडी झाल्यासारखं वाटतं. शेवटच्या त्या 'क्स्ट'मध्ये तर ओल्या फरशीवर पेन्शनराची चप्पल घसरल्याचा आवाज आहे.

पत्र साहेबांकडे सहीला गेलं आणि परत आलं. 'बिट्विक्स्ट'भोवती लाल वर्तुळ आणि समासात तीन अक्षरं : 'ऑब्स.' मला वाटलं, 'ऑब्झर्व्ड'. म्हणजे साहेबांनी गळती जातीनं पाहिली. मी खुशीत केबिनमध्ये गेलो.

"ऑब्सोलीट आहे हो तो शब्द, काका," साहेब म्हणाले. "शेक्सपिअर जाऊन चारशे वर्षं झाली. साधं बिट्वीन लिहा."

आमचे साहेब एकोणतीस वर्षांचे आहेत, एम. बी. ए. आहेत, स्वभावानं गरीब आहेत. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. 'ऑब्सोलीट' आणि 'काका' हे दोन शब्द त्यांनी एकाच वाक्यात वापरले नसते तर हा लेख मी लिहिला नसता. असो. 'बिट्वीन' घालून पत्र गेलं. छत दिवाळीपर्यंत गळत राहिलं. एवढ्या मोठ्या बँकेच्या यंत्रणेत दुरुस्ती झाली ती फक्त एका शब्दाची.

या जुन्यापान्या शब्दांचा नाद मला मामांनी लावला. मामांनी आयुष्यभर वाईच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा कोरी लेजरं रद्दीत निघाली. त्यातलं एक, चांगलं चामडी पाठीचं, मी त्यांना नेऊन दिलं. निवृत्तीनंतर मामा त्यात मेलेले इंग्रजी शब्द उतरवून काढू लागले. डेबिटच्या रकान्यात शब्द, क्रेडिटच्या रकान्यात अर्थ, आणि शिल्लक या रकान्यात तो कुठे वाचला ते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मेलेल्या शब्दाआधी एक छोटा खंजीर छापतात. मारेकरी हत्यार तिथंच टाकून पळाल्यासारखा तो दिसतो. मामाही लेजरमध्ये प्रत्येक शब्दाआधी लाल शाईचा खंजीर काढायचे. मामी म्हणायच्या, "पेन्शनीत माणसं देवाचं नाव लिहितात, तुम्ही खून कसले नोंदवताय?"

माझं म्हणणं असं आहे की, हे खून नव्हेतच. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं. आमच्याकडे एखाद्या खात्यात खातेदारानं दोन वर्षं काही उलाढाल केली नाही की ते खातं निष्क्रिय होतं. निष्क्रिय, बंद नव्हे. दहा वर्षं झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जाते, २०१४ पासून ही सोय आहे. पण तिथूनही उद्या खातेदार किंवा त्याचा नातू कागदपत्रं घेऊन उगवला, तर पै न् पै परत द्यावी लागते. "आजोबा ऑब्सोलीट झाले" असं सांगून त्याला वाटेला लावता येत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा नियम नेमका हाच आहे. एकदा आत घेतलेला शब्द ते बाहेर काढत नाहीत. खंजीर काढतील, पण शिल्लक ठेवतील.

आणि हा नियम बँकेच्या नियमासारखा दिसतो याचं मला मुळीच नवल वाटत नाही. त्या कोशाचे थोर संपादक जेम्स मरे आमच्याच धंद्यातले! चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा स्कॉटिश माणूस १८६४ ते १८७० लंडनला चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या लांबलचक नावाच्या बँकेत कारकुनी करत होता. पुढे १८७९ मध्ये कोशाचं काम त्याच्या गळ्यात पडलं, आणि मग अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत बसून त्यानं शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या त्या अशा, की हा गडी व्हाउचरं लावून आलेला आहे हे कोणीही ओळखावं. हजारावर खण, आणि लाखो चिठ्ठ्या. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, मरे १९१५ मध्ये 'टी' या अक्षरावर काम करता करता गेला, आणि कोश पुरा झाला १९२८ मध्ये. आमच्याकडे सुद्धा माणूस रिटायर होतो आणि रिकन्सिलिएशन राहतं, ते असंच.

व्हाउचर म्हटलं की ते हरवणारच. 'बॉन्डमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या पुस्तकांच्या ढिगाखाली गेल्या आणि कोशाचा तो खंड दासीविनाच छापला गेला. बिचारीला आत यायला १९३३ ची पुरवणी उजाडावी लागली. अमेरिकेत वेब्स्टरच्या कोशात याच्या उलट झालं. घनतेसाठी 'कॅपिटल डी ऑर स्मॉल डी' हे संक्षेप चालतील अशी एक चिठ्ठी होती. कोणा महाभागानं 'डी ऑर डी' एकत्र वाचलं आणि १९३४ च्या आवृत्तीत 'डॉर्ड' असा एक शब्द छापून टाकला, अर्थ : घनता. १९३९ मध्ये एका संपादकाला शंका आली की या शब्दाला आईबाप, म्हणजे व्युत्पत्ती, कसे नाहीत. पाच वर्षं चुकीचं पोस्टिंग आणि ऑडिटला पत्ता नाही! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पण मी रागावलो होतो, तिकडे परत येतो. साहेब मला 'काका' म्हणाले. मराठीत म्हणाले म्हणून निदान 'काका' तरी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले असते तर 'अंकल', आणि मग मी बापाकडून की आईकडून, की नुसताच बसच्या रांगेतला, हे देवालाच ठाऊक. आपण इंग्रजीला नेहमी हसतो ना, की त्यांना काका आणि मामा यातला फरक कळत नाही? मीही हसायचो. मामांनी एक दिवस लेजर उघडून माझ्यासमोर ठेवलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत बापाच्या भावाला 'फॅडेरा' म्हणत आणि आईच्या भावाला 'एआम'. बापाची बहीण 'फादू' आणि आईची बहीण 'मोद्रिये'. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी, सगळं गणगोत नांदत होतं हो! मग नॉर्मन राजे फ्रेंच घेऊन आले आणि पाठोपाठ हे 'अंकल' आणि 'आंट' आले. एका 'अंकल'नं काका गिळला आणि मामाही गिळला. त्यात मौज अशी की, 'अंकल' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्या 'अव्हंक्युलस'चा अर्थ आईचा भाऊ. म्हणजे आज इंग्लंडातला यच्चयावत काका हा मुळात मामाच आहे.

'एआम' बिचारा लगेच मेला नाही. 'एम' असा रोडावून तो चॉसरच्या काळापर्यंत, म्हणजे चौदाव्या शतकापर्यंत, तग धरून होता. चॉसरच्या ट्रॉइलस आणि क्रिसीडच्या काव्यात नायिकेचा जो पँडारस, त्याला कवी 'एम'च म्हणतो. आणि हा पँडारस करतो काय? भाचीच्या चिठ्ठ्या पोचवतो, भेटी जमवतो, नको ते सगळे उद्योग करतो. त्याच्या नावावरून इंग्रजीत 'पँडर' असा शब्द निघाला आणि तो आजही चालू खात्यात आहे. मामा गेला, मामाच्या करणीचा शब्द राहिला. शकुनीच्या देशातल्या माणसाला यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. मामांना मात्र हे फारसं आवडलं नव्हतं. ते म्हणाले, "एक मामा वाया गेला म्हणून सगळ्या मामांवर खंजीर काढायचा का रे?"

असे किती सांगू! आपल्याला 'परवा' लागतो की नाही? इंग्रजीतही होता, आणि एक नव्हे, दोन होते. येणारा परवा 'ओव्हरमॉरो', गेलेला परवा 'एअरयेस्टरडे'. १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलात 'ओव्हरमॉरो' आहे. आता ते लोक 'द डे आफ्टर टुमॉरो' म्हणतात. चार शब्द उच्चारेपर्यंत उद्या उजाडतो. (आपण दोन्हीकडचं काम एकाच 'परवा'वर भागवतो आणि मग "गेला की येणारा?" म्हणून भांडतो, हा वेगळा विषय.) हिवाळ्यात पाठीवर घेतलेल्या उन्हाची जी ऊब, तिला 'अ‍ॅप्रिसिटी' असा शब्द १६२३ च्या कॉकरम नावाच्या गृहस्थाच्या कोशात आहे. आपल्याकडे कोवळं ऊन आहे म्हणून आपलं भागतं. पण ज्या देशात ऊन हीच बातमी असते, त्या देशानं उन्हाच्या उबेचा शब्द हरवावा म्हणजे कमाल झाली!

आता माझा खरा प्रश्न. शब्द ऑब्सोलीट झाला हे ठरवतो कोण? साहेब लोक. आणि साहेब लोकांचा याबाबतीतला रेकॉर्ड पाहण्यासारखा आहे. १५५३ मध्ये टॉमस विल्सन नावाच्या एका विद्वानानं वक्तृत्वावर पुस्तक लिहिलं. त्यात लॅटिनमधून उचललेल्या, दौतीत बुडवून काढलेल्या शब्दांची टर उडवायला त्यानं एक खोटं पत्र रचलं. त्या पत्रात 'इन्जेंट' होता, 'रिव्होल्यूट' होता. ते मेले, ठीक आहे. पण त्याच पत्रात, असले शब्द सभ्य माणसाच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून, 'सेलिब्रेट' होता, 'एक्स्टॉल' होता आणि 'मंडेन' होता! आज आमचे साहेब ब्रँचचा वाढदिवस 'सेलिब्रेट' करू या म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फुगे पाठवतात. १५५३ च्या साहेबांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढलेलं आहे.

जन्माला येऊ नये म्हटलेले जगले, तसे मेलेलेही उठून बसलेले आहेत. 'डेअरिंग-डू' म्हणजे अचाट शौर्य. मुळात हा शब्दच नव्हता. चॉसरनं कोणीतरी शूरासारखं वागायला धजतो अशा अर्थाची दोन क्रियापदं शेजारी लिहिली. पुढच्यांनी ती नक्कल केली, छापणाऱ्यांनी स्पेलिंग बिघडवलं, आणि १५७९ मध्ये स्पेन्सर नावाच्या कवीनं, ज्याला जुन्या शब्दांचा माझ्याहून जास्त नाद होता, ते एकच नाम समजून कवितेत घातलं. बेन जॉन्सन तर त्याच्यावर चिडला होता की, जुन्यांची नक्कल करण्याच्या भरात हा माणूस कुठलीच भाषा लिहीत नाही. मग दोनशे चाळीस वर्षांनी सर वॉल्टर स्कॉटनं 'आयव्हॅन्हो'त तो शब्द पुन्हा उचलला आणि तेव्हापासून तो हिंडतो आहे. तीन पिढ्यांच्या चुकीच्या एंट्रीवर उभं राहिलेलं खातं, आणि शिल्लक भरभक्कम!

या स्कॉटबद्दल मला बँकवाला म्हणून विशेष प्रेम आहे. 'रेड' हा शब्द आज आपल्या गल्लीतल्या पोरांनाही माहीत आहे. इन्कमटॅक्सची रेड, पोलिसांची रेड. हा मूळचा स्कॉटिश शब्द, 'रोड'चाच भाऊबंद, घोड्यावरून घातलेली धाड या अर्थाचा. तोही जवळजवळ निष्क्रिय झाला होता. स्कॉटनं १८०५ पासून आपल्या काव्या-कादंबऱ्यांतून त्याला पुन्हा घोड्यावर बसवलं. पुढे १८२६ मध्ये या लेखकाचे प्रकाशक आणि छापखाना बुडाले आणि त्याच्या डोक्यावर एक लाख पौंडांहून जास्त कर्ज आलं. दिवाळं काढायची कायदेशीर सोय होती. त्यानं ती नाकारली आणि लिहून लिहून कर्ज फेडत बसला. १८३२ मध्ये मेला तरी थांबला नाही. उरलेलं कर्ज त्याच्या पुस्तकांनी फेडलं. अशी एक पार्टी आमच्या रिकव्हरी खात्याच्या नशिबी यावी! बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्याचं चित्र असतं. शब्दाला जागणारा माणूस जुन्या शब्दांनाही जागला, यात काही योगायोग नाही असं मला वाटतं.

आणि कधीकधी शब्द मरत नाहीत, मारले जातात. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्याच मुलांच्या छोट्या कोशातून ओकचं फळ 'एकॉर्न', पाणमांजर 'ऑटर', खंड्या पक्षी 'किंगफिशर', नदीकाठचं 'विलो' ही मंडळी काढून टाकली आणि 'ब्लॉग', 'ब्रॉडबँड', 'व्हॉइसमेल' आत घेतले. कारण काय, तर मुलांना यांचीच गरज जास्त. २०१५ मध्ये अठ्ठावीस लेखकांनी सही करून निषेधाचं पत्र लिहिलं. खंड्या ओढ्यावर बसलेला असताना त्याला ऑब्सोलीट ठरवणं हे म्हणजे खातेदार काउंटरवर उभा असताना त्याचं खातं निष्क्रिय करण्यासारखं आहे.

इथे कोणी म्हणेल, की तुम्ही त्या अवजड शब्द फेकणाऱ्यांचे वकील दिसता. मुळीच नाही. आपले खासदार शशी थरूर यांनी २०१८ मध्ये आपल्या पुस्तकाची घोषणा करताना 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा एकोणतीस अक्षरांचा शब्द सोडला आणि देशातल्या निम्म्या मोबाइलांवर लोक कोश उघडून बसले. हा शब्द १७४१ पासूनचा आहे, अर्थ : एखाद्याला कस्पटासमान लेखणं. पण शब्द कस्पटाएवढा तरी असावा! टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होता, आणि त्या काळात त्यानं एका कवितेत 'पॉलिफिलोप्रोजेनिटिव्ह' असा शब्द घातला. मतलब एवढाच, की लेकुरवाळा. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून त्याला सोडून देतो. पण हे दोन्ही शब्द म्हणजे लॉकरमधून काढून लग्नात मिरवायचे दागिने; मंडळी गेली की परत लॉकरमध्ये.

आणि खोट्या सहीचं एक प्रकरण तर असं आहे की, ते आठवलं की माझा विनोद आटतो. ब्रिस्टलला टॉमस चॅटर्टन नावाचा पोरगा होता, जन्म १७५२. वकिलाच्या कचेरीत उमेदवार कारकून. दिवसभर नकला करायच्या आणि उरलेल्या वेळात कविता. पण कारकून पोराच्या कवितेला विचारतो कोण? म्हणून त्यानं पंधराव्या शतकातला एक रोली नावाचा भिक्षू कल्पनेनं उभा केला आणि त्याच्या नावावर जुन्या इंग्रजीत काव्यं लिहिली, चर्चमधल्या जुन्या चर्मपत्रांवर उतरवली. जुने शब्द आणले कुठून? कर्सी नावाच्या कोशकाराच्या कोशातून. मोठमोठे विद्वान आधी फसले, मग संतापले. पोरगा लंडनला गेला आणि १७७० च्या ऑगस्टमध्ये, अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत, भाड्याच्या खोलीत सोमल पोटात जाऊन मेला. शंभर वर्षांनी स्कीट नावाच्या पंडितानं ऑडिट केलं. रोलीच्या काव्यात 'चेरिसॉने' असा एक शब्द आहे, अर्थ सांत्वन. असा शब्द कधी कोणी वापरलेलाच नव्हता. खरा शब्द 'चेरिसॉन्स'. कर्सीच्या कोशात छपाईची चूक झाली होती, आणि पोरानं ती चूक तशीच्या तशी उतरवून घेतली होती. बनावट चेक असाच सापडतो. सही हुबेहूब असते आणि शाखेच्या नावात वेलांटी चुकलेली असते. बँकेच्या नियमानं मी चॅटर्टनला दोषी धरीन. पण सांत्वनासाठी एक शब्द शोधत कोश उलटणारं ते सतरा वर्षांचं पोर, आणि त्याला मिळाला तो शब्दही छपाईची चूक, हे मला नियमात बसवता येत नाही.

आता ज्या गोष्टीनं मी खरा पेटलो ती सांगतो. 'बिट्विक्स्ट'च्या लाल वर्तुळानंतर पंधरा दिवसांनी एक आजी माझ्या टेबलाशी आल्या. नातवाला रिक्षा घ्यायची होती, कर्जासाठी आजी आपलं दोन खोल्यांचं घर गहाण ठेवत होत्या. अंगठा नव्हे, सही करणाऱ्या, चौथी शिकलेल्या. मी गहाणखत पुढे केलं. आजींनी चष्मा लावला, कागद इकडून तिकडे फिरवला आणि विचारलं, "बाळा, यात माझं घर कुठं आहे?"

मी बोट ठेवलं. तिथे होतं : 'मेस्युएजेस, टेनेमेंट्स अँड हेरेडिटामेंट्स'. शिवाय 'हिअरिनबिफोर', 'व्हेअरॲज', 'अफोरसेड' आणि 'विटनेसेथ'. मेस्युएज म्हणजे घर आणि त्याच्या भोवतीचं अंगण. हेरेडिटामेंट म्हणजे वारसानं मिळण्याजोगी मालमत्ता. मला माहीत होतं कारण मामांच्या लेजरमध्ये होतं. शाखेत दुसऱ्या कोणालाच सांगता आलं नसतं. मी गहाणखत घेऊन केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, "साहेब, हे ऑब्सोलीट नाही का?"

साहेब म्हणाले, "काका, ते लीगलचं ड्राफ्ट आहे. त्यातला कॉमा पण बदलता येत नाही."

म्हणजे पहा! गळक्या छताच्या पत्रात, जिथे एका जुन्या शब्दानं कोणाचं दमडीचं नुकसान नव्हतं, झाला असता तर वरच्या ऑफिसातल्या कोणा वाचणाऱ्याला थोडा आनंदच झाला असता, तिथे लाल पेन. आणि जिथे एका बाईचं घर जायचं-राहायचं त्या कागदावर चारशे वर्षांची मढी रांगेनं उभी, त्यांना कोणी हात लावायचा नाही. फाउलर नावाच्या इंग्रज व्याकरणकारानं १९२६ मध्ये उगाच जुनाट शब्द वापरणाऱ्यांना लंडनच्या वॉर्डोर स्ट्रीटचं नाव दिलं होतं. तिथे नव्या लाकडाचं जुनं फर्निचर करून विकत असत. चालेल, लेखकांना करा चेष्टा. वॉर्डोर स्ट्रीटची खुर्ची खोटी असली तरी बसता येतं तिच्यावर. आमच्या गहाणखताच्या खुर्चीवर आजींना बसवतात आणि खाली पाय आहेत की नाहीत हे सांगत नाहीत. साधी भाषा हवी तर ती तिथे हवी. आणि तिथे साहेबांचं पेन वाळलेलं असतं.

'यूझन्स'चंच घ्या. शेक्सपिअरच्या शायलॉकच्या तोंडी हा शब्द आहे, व्याज या अर्थानं. आज इंग्लंडच्या रस्त्यावर कोणाला विचाराल तर तो तुमच्याकडे बघत राहील. पण आमच्या बिल्स खात्यात 'यूझन्स बिल' रोज येतं, तिथे त्याचा अर्थ हुंडीची मुदत. साहेब दिवसातून दहा वेळा तो शब्द उच्चारतात. शेक्सपिअर जाऊन चारशे वर्षं झाली हे त्यांना तेव्हा आठवत नाही.

आजींना मी गहाणखताचा अर्थ मराठीत एका कोऱ्या कागदावर लिहून दिला. हप्ते चुकले तर काय होईल हेही लिहिलं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मगच सही केली. बँकेच्या नियमात हे बसतं की नाही मला ठाऊक नाही; मी विचारलेलं नाही.

मामा जाऊन आता आठ वर्षं झाली. लेजर मामींनी मला दिलं. ते आमच्या माळ्यावर असतं. या दिवाळीला साफसफाई करताना सौ.नं ते खाली काढलं, धूळ झटकली आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मी म्हटलं, "अगं, ते मॅथम आहे."

"काय आहे?"

मी तिला समजावून सांगितलं. टॉल्किन नावाचे एक प्रोफेसर होते. १९१९-२० मध्ये ते ऑक्सफर्डच्या त्याच कोशात 'डब्ल्यू'च्या शब्दांवर काम करत. पुढे त्यांनी मोठी कादंबरी लिहिली आणि तिच्यातल्या बुटक्या लोकांसाठी हजार वर्षांपूर्वीचा, ठेवा या अर्थाचा, एक मेलेला शब्द उठवला : मॅथम. म्हणजे अशी वस्तू, की जिचा उपयोग तर काही नाही आणि टाकवत तर नाही.

सौ.नं लेजर हातात घेतलं. मधलंच एक पान उघडलं. लाल खंजीर, आणि शेजारी मामांच्या सुवाच्य अक्षरात : एआम. आईचा भाऊ. शिल्लकच्या रकान्यात त्यांनी पुस्तकाचं नाव लिहिलेलं नव्हतं. माझं नाव लिहिलं होतं. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"स्टूल धरा जरा," ती म्हणाली, "हलतंय ते." आणि लेजर घेऊन पुन्हा माळ्यावर चढली.